ब्युगाराश: दोनशे माणसांचं गाव आणि न आलेली जगबुडी

डिसेंबर २०१२ आठवतोय का? टीव्हीवर रोज रात्री धडामधूम म्युझिक लावून 'माया कॅलेंडर संपणार, २१ तारखेला जग बुडणार' चालू असायचं. तेव्हा जालन्याहून आमच्याकडे आलेली आत्या ते बघून एवढंच म्हणाली, "बुडवायला पाणी लागतं ना रे? मग आधी जायकवाडीत सोडा म्हणावं." मराठवाड्यात त्या वर्षी दुष्काळ होता, त्यामुळे घरात सगळे हसले पण जरा जपूनच हसले.

त्याच बातम्यांमध्ये एक ओळ दोन-तीनदा येऊन गेली, की सगळं जग बुडेल पण फ्रान्समधलं एक छोटं गाव वाचणार आहे. अँकरने नाव काहीतरी 'बुगारच' असं घेतलं होतं. पुढे कधीतरी ते नकाशात शोधलं, मग त्याबद्दल जे सापडेल ते वाचत गेलो, आणि आता माझं मत असं झालंय की जगबुडी हा त्या गावाच्या गोष्टीतला सगळ्यात फालतू भाग आहे. पण प्रकरण म्हणून अभ्यासायला एक नंबर. एका खिशात मावेल एवढ्या गावावर बाहेरच्या जगाने एक गोष्ट लादली, त्यात सरकारने काय केलं, मीडियाने काय केलं, गावाला काय मिळालं, सगळं तिथे स्वच्छ दिसतं.

आधी जागा समजून घेऊ. ब्युगाराश (उच्चार असाच) दक्षिण फ्रान्समधल्या ओड जिल्ह्यात आहे, कार्कासोनचा तो प्रसिद्ध तटबंदीवाला किल्ला आहे ना, त्याच्या दक्षिणेला. फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरिनीज पर्वताची मोठी, बर्फाची रांग अजून पुढे आहे, तिच्या अलीकडे पायथ्याला चुनखडीच्या, झुडपांनी भरलेल्या, उन्हात रापलेल्या टेकड्यांचा एक गुंता लागतो, त्याचं नाव कॉर्बिएर. या गुंत्यातला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे पेश द ब्युगाराश, १,२३० मीटर. पेश म्हणजे तिकडच्या बोलीत डोंगर किंवा टेकाड. आकडा ऐकून कुठलाही ट्रेकवाला इम्प्रेस होणार नाही, पण आजूबाजूचं सगळं इतकं बुटकं आहे की हा एकटाच कुठूनही दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर वरून एका बाजूला कानिगूचं शिखर आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र दिसतो. गाव त्याच्या पायथ्याशी. दगडी घरं, एक चर्च, एक जुना शातो (म्हणजे गढी), आणि माणसं २००च्या आसपास.

आता या डोंगराची खरी भानगड. याला 'उलटा डोंगर' म्हणतात, आणि हे कुणा बाबाने दिलेलं नाव नाही, भूगर्भशास्त्रातच ते बसतं. सहसा जुना खडक खाली आणि नवा वर असतो, साधी गोष्ट आहे, जो गाळ आधी बसला तो तळाला. इथे डोक्यावर ज्युरासिक काळातला चुनखडीचा दगड आहे, १४.५ कोटी वर्षांपेक्षाही जुना, आणि त्याच्या खाली क्रेटेशियस काळातला मऊ, मातकट दगड, जो वरच्यापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान. कारण असं की स्पेनचा तुकडा उत्तरेकडे सरकत येऊन फ्रान्सला धडकला, त्या रेट्यात पिरिनीज उभे राहिले, आणि रेटा इतका की पुढच्या बाजूला खडकाचे थर तुटून शेजारच्या थरांवर चढले. घरी करून बघा. फरशीवर सतरंजी पसरा, तिच्यापुढे दुसरी अंथरा आणि मागून जोरात ढकला. मागची सतरंजी पुढचीवर चढते की नाही? नंतर पावसाने आणि नद्यांनी आजूबाजूचं खाऊन टाकलं, वर चढलेला कडक तुकडा तेवढा उभा राहिला.

हे इतकं छान स्पष्टीकरण आहे, पण 'उलटा डोंगर' हे दोन शब्द वेगळे काढले की त्यातून काय वाट्टेल ते तयार होतं. त्यात भर म्हणजे चुनखडी. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणजे आत गुहा, भुयारं, पोकळ्या, कुठेतरी गडप होऊन कुठेतरी निघणारं पाणी. पोकळ डोंगर आणि तोही उलटा. आत काहीतरी असणारच की हो! मग आत यूएफओचं गॅरेज आहे इथपर्यंत मजल जायला किती वेळ लागतो.

पाण्याचं पण मजेशीर आहे. आग्ली नदी याच डोंगराच्या कुशीत उगम पावते आणि पूर्वेला गालामुसची अरुंद घळई कापत थेट समुद्राकडे जाते, तर गावाच्या बाजूचा ब्लांक नावाचा ओढा उलट दिशेला साल्स नदीला आणि साल्स पुढे ओड नदीला मिळते. साल्स म्हणजे खारी. तिच्या उगमाजवळ खरंच खारे झरे आहेत.

आणि वारा. वायव्येकडून सेर्स नावाचा वारा येतो, कोरडा आणि दिवसचे दिवस न थांबणारा. गावची लोककथा त्याच्यावरच आहे. बग आणि अराश नावाचे दोन बुटके, वाऱ्याने शेतकरी हैराण झालेले बघून ते देवांचा राजा ज्युपिटर याच्याकडे गेले आणि आडोसा मागितला, त्याने दोघांना एकत्र करून त्यांचाच डोंगर करून टाकला. नावाची व्युत्पत्ती म्हणून ही गोष्ट कुणी सीरियसली घेत नाही, पण मला ती आवडते, कारण तिच्यात गावाला डोंगराकडून नक्की काय हवंय ते सरळ सांगितलंय. वाऱ्याला आडोसा पाहिजे, बस्स. एवढीच मागणी.

इतिहासात हे गाव बरेच दिवस कडेचं गाव होतं, म्हणजे अक्षरशः सरहद्दीच्या कडेचं. तेराव्या शतकात कॅथर नावाच्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध पोपने धर्मयुद्ध पुकारलं, १२०९ ते १२२९, त्यात उत्तरेकडच्या सरदारांनी हा मुलूख ताब्यात घेतला आणि आसपासच्या जहागिऱ्या व्वाझां घराण्यासारख्या नव्या मालकांकडे गेल्या. १२५५ मध्ये केरिब्यूसचा किल्ला पडला, १२५८ मध्ये फ्रान्स आणि आरागॉनच्या राजांनी तह करून हद्द आखून घेतली. हद्द आली कॉर्बिएरच्या दक्षिणेला. त्यामुळे पेरपेर्तूझ, केरिब्यूस, प्युइलोरां हे जे कड्यांवर बसलेले किल्ले आज 'कॅथर किल्ले' म्हणून तिकीट लावून दाखवतात, ते प्रत्यक्षात चारशे वर्षं फ्रेंच राजाच्या सीमेवरच्या चौक्या होत्या. १६५९ च्या पिरिनीज तहाने रूसिय्यों प्रांत फ्रान्सला मिळाला, सीमा पिरिनीजच्या माथ्यावर सरकली आणि एका सहीनिशी या पट्ट्याचं महत्त्व संपलं. सैन्य नाही म्हणजे सैन्याचा पगार नाही, रसद नाही, रस्त्याची काळजी घेणारं कुणी नाही. कडेचं गाव होतं ते कोपऱ्यातलं गाव झालं. माझ्या मते या गावाच्या अर्थकारणातली सगळ्यात मोठी घटना हीच, २०१२ वगैरे सगळं हिच्यापुढे किरकोळ.

मध्ये एकदा या डोंगराने एक खरंच जागतिक काम केलंय आणि त्याचं कौतुक कुणालाच नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 'मीटर' ठरवायचा होता, उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग. त्यासाठी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत डोंगरांवर आणि चर्चच्या मनोऱ्यांवर खुणा लावून त्रिकोण मोजत जायचं होतं. दक्षिणेचा भाग मेशां या खगोलशास्त्रज्ञाकडे होता आणि त्याच्या त्रिकोणांच्या साखळीतलं एक टोक म्हणजे ब्युगाराशचा माथा. पॅरिसची रेखावृत्त रेषा इथून अगदी जवळून जाते, म्हणून हा डोंगर त्यांच्या कामाचा. म्हणजे आपण कापडाच्या दुकानात जे मीटरने मोजून घेतो त्यात या डोंगराचा वाटा आहे, हे मला तरी यूएफओपेक्षा भारी वाटतं. पण नाही, गूढवाल्यांनी त्या रेखावृत्ताचीपण 'शक्तिरेषा' करून टाकली.

आता पोट भरण्याचं काय? मेंढ्या, गाई, थोडी शेती, जंगल. आणि मेंढ्यांच्या लोकरीतून टोप्या. हे प्रकरण भारी आहे. तिकडे सांगतात असं की सायलीशियात (आता बहुतेक पोलंडमध्ये असलेल्या मुलखात) युद्धकैदी म्हणून राहून आलेल्या इथल्या काही माणसांनी फेल्टच्या टोप्या करायची कला आणली आणि सुरुवातीचे टोपीवाले याच ब्युगाराशमध्ये बसले. पुढे धंदा खाली ओड नदीच्या काठी एस्पेराझा आणि कियांला उतरला, कारण फेल्टला पाणी बेसुमार लागतं. फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नाही, तो लोकरीचा जमवलेला गोळा असतो. लोकर पिंजायची, शंकूवर पातळ थर देत गुंडाळायची, मग गरम पाणी आणि वाफ देऊन दाबायची, घासायची, परत दाबायची, लोकरीच्या केसांना खवले असतात ते एकमेकांत अडकत जातात आणि मोठ्या घंटेएवढा ढगळ शंकू आकसत आकसत डोक्याच्या मापावर येतो. मग रंग, मग लाकडी साच्यावर ओढून आकार, मग कडा. हाताला कायम भाजणारं पाणी, अंगाला कायम ओल्या लोकरीचा वास.

१९२९ च्या सुमाराला एकट्या एस्पेराझात १४ कारखाने होते आणि ३,००० च्या आसपास कामगार, इटलीतल्या मोंझानंतर जगात आमचाच दुसरा नंबर असं ते लोक अभिमानाने सांगतात. शेजारच्या कियांला झां बूरेल नावाच्या टोपी कारखानदाराने इतका पैसा कमावला की त्याने बाहेरून रग्बीचे खेळाडू आणून गावाची टीम उभी केली आणि त्या एवढ्याशा गावाने १९२९ साली अख्ख्या फ्रान्सची चॅम्पियनशिप मारली! आणि मग काय, पुरुषांनी टोप्या घालणं बंद केलं. इतकं साधं कारण. कुणी लुटलं नाही, कुणी फसवलं नाही, फॅशन गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर एक एक करून कारखाने बंद पडत गेले. आज एस्पेराझात टोप्यांचं म्युझियम आहे. कियांला नंतर फॉर्मायकाचा कारखाना आला, तोही २००४ मध्ये बंद झाला. लिमूपासून कियांपर्यंत येणारी पॅसेंजर ट्रेन २०१८ पासून नाही. ओड तसाही फ्रान्समधल्या गरीब जिल्ह्यांपैकी.

म्हणजे पोरं बाहेर गेली, घरं रिकामी पडली. रिकामी घरं म्हटल्यावर कुणीतरी येणारच. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर शहर सोडून शेळ्या पाळायला निघालेली तरुण मंडळी या खोऱ्यात आली, त्यातले काही टिकले आणि चांगली चीज करायला लागले. पुढे आले ते ध्यान, ऊर्जा, कंपनं, पाषाण-उपचार वाले. गावकऱ्यांनी त्यांना हाकललं नाही, घर विकलं, दूध विकलं, मान डोलावली.

इथे शेजारच्या गावाचं उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रेन-ले-शातो, जवळच टेकडीवरचं खेडं. तिथे १८८५ मध्ये सोनिएर नावाचा पाद्री आला, त्याने पगाराच्या मानाने फारच खर्च करून चर्च दुरुस्त केलं, बंगला बांधला, मनोरा बांधला, आणि १९१७ मध्ये मेला. पैसा आला कुठून? मोठा भाग पैसे घेऊन प्रार्थना म्हणण्याच्या धंद्यातून, धर्मपीठाने त्याच्यावर त्यासाठी खटलाही चालवला होता. पण १९५० च्या दशकात त्याच बंगल्यात नोएल कोर्ब्यू नावाच्या माणसाने हॉटेल टाकलं, आणि गिऱ्हाइकाला जेवणाबरोबर गुप्त खजिन्याची गोष्ट वाढायला सुरुवात केली. १९५६ मध्ये ती पेपरात आली. झालं! लोक कुदळी घेऊन आले, इतके की १९६५ मध्ये गावाला खोदकामावर बंदी घालावी लागली. पण रेन-ले-शातोने त्या गोष्टीचा धंदा नीट बसवला. म्युझियम, तिकीट, दुकान, खाणावळ. गोष्ट गावात जन्मली, मालक गावातला, गल्ला गावात.

ब्युगाराशची गोष्ट बाहेर जन्मली. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या दीर्घ कालगणनेत १,४४,००० दिवसांचा एक बाकतुन असतो, असे १३ झाले की सुमारे ५,१२५ वर्षांचं एक चक्र पूर्ण होतं, ते २१ डिसेंबर २०१२ ला पूर्ण होत होतं. पुढच्या दिवशी नवीन मोजणी चालू, आपल्या गाडीचा मीटर ९९,९९९ वरून पुढे जातो तसं. माया शिलालेखात जग संपणार असं नाही, आणि फ्रान्समधल्या डोंगराचं नाव तर कुठून असणार. पण इंटरनेटवर कुणीतरी दोन टोकं बांधली: जग बुडणार, उलटा डोंगर वाचणार, आतले परग्रहवासी निघताना आसपासच्यांना बरोबर घेऊन जाणार. असले आणखीही डोंगर निघाले, सर्बियात र्तान्य, तुर्कस्तानात शिरिंजे गाव. ब्युगाराश त्यातलं सगळ्यात नाव झालेलं, आणि त्याला कारण गावाचा मेयर.

मेयर म्हणजे नावाला महापौर, पण काम आपल्या सरपंचाचं. फ्रान्समध्ये तेव्हा ३६,००० च्या वर कम्यून होत्या, प्रत्येकीला मेयर आणि कौन्सिल, मग माणसं दोनशे असोत की दोन लाख. आणि गंमत म्हणजे कायद्याने गावाच्या हद्दीतली सार्वजनिक सुरक्षा ही मेयरची जबाबदारी. झां-पिएर देलोर यांच्या कानावर २०१० मध्ये आलं की वेबसाइटवर आपल्या गावाबद्दल हे असं चाललंय, डोंगरावर चढणारे विचित्र लोक वाढलेत. त्यांनी ते कौन्सिलच्या मीटिंगमध्ये मांडलं, म्हणाले उद्या दहा हजार माणसं इथे आली तर दोनशे जणांचं गाव काय करणार, वेळ पडली तर लष्कर बोलवावं लागेल. एकदम व्यवहारी बोलणं. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर हेच बोललो असतो.

पण ते बोलणं पेपरात आलं. आधी स्थानिक, मग पॅरिस, मग लंडन, मग सगळीकडे. 'लष्कर' हा शब्द होता ना त्यात. २०१० च्या डिसेंबरपर्यंत ज्या माणसाने ब्युगाराशचं नाव ऐकलं नव्हतं त्याला आता कळलं की एक गाव आहे आणि तिथला मेयर घाबरलाय. म्हणजे गर्दी येईल या भीतीने जे बोललं गेलं त्यानेच गर्दीला पत्ता सांगितला. ही या प्रकरणाची चावी आहे. यात कुणी मूर्ख नाही, कुणी बदमाश नाही, प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि दोन वर्षांत त्यातून एक राक्षस उभा राहिला.

सरकार एवढं सीरियस का झालं हेही बघायला हवं, कारण वरवर बघता हसू येतं. फ्रान्समध्ये घातक पंथांवर लक्ष ठेवणारी एक सरकारी संस्था आहे, मिविल्यूद. तिने २०११ मध्ये काढलेल्या अहवालात २०१२ च्या भाकितांची दखल घेतली आणि ब्युगाराशवर लक्ष ठेवायला सांगितलं. मागे एक खरी जखम होती. 'ऑर्डर ऑफ द सोलर टेंपल' नावाच्या पंथाची ७४ माणसं १९९४ ते १९९७ मध्ये मेली, काहींनी जीव दिला, काहींचा घेतला गेला. त्यातली १६ डिसेंबर १९९५ मध्ये, फ्रान्सच्याच व्हेर्कोरच्या डोंगरात, जंगलात, जळालेल्या अवस्थेत सापडली. मेलेल्यांत लहान मुलंही होती. डिसेंबर महिना, एकाकी डोंगर, दुसऱ्या जगात जाण्याची भाषा. ज्या अधिकाऱ्याच्या डोक्यात हे असेल तो 'जाऊ दे, चार वेडे येतील' असं म्हणूच शकत नाही. एक जरी माणूस त्या गुहेत मेला असता तर चौकशी कुणाची झाली असती?

म्हणून ओडच्या प्रीफेक्टने, आपल्याकडचा कलेक्टर म्हणा, आदेश काढला की १९ ते २३ डिसेंबर शिखरावर आणि गुहांमध्ये जायला बंदी. रस्त्यांवर नाके, शंभराच्या वर पोलीस आणि अग्निशमनवाले. हे सगळं एका अशा गावासाठी जिथे एरवी ट्रॅफिक म्हणजे समोरून येणारा मेंढ्यांचा कळप.

आता मधल्या काळात पैसा कुणी केला? बातम्यांमध्ये येत होतं की डोंगरातले दगड ग्रॅमच्या भावाने नेटवर विकायला आहेत, इथल्या झऱ्याचं पाणी म्हणून बाटली १५ युरोला, जगाच्या अंताच्या नावाची वाइन. कुणी त्या रात्रीसाठी घर भाड्याने द्यायचं तर असले आकडे सांगत होतं की ऐकून हसूच येईल. जग बुडणार त्या दिवशीचं भाडं ॲडव्हान्स घेणाऱ्या माणसाचा विश्वास कशावर होता ते सांगायला नको! पण यातला किती गल्ला गावात पडला? दगड विकणारा कुठे बसला होता कुणास ठाऊक, त्याच्यासाठी डोंगर म्हणजे फुकटचा माल. गावात चार-दोन गेस्टहाउस, बाकी काही विकायला दुकान नाही. आणि ऐन मोक्याच्या पाच दिवसांत सरकारने डोंगरच बंद केलेला. म्हणजे जो एक माल गावाकडे खरा होता, पायवाट आणि वरून दिसणारा नजारा, त्यालाच टाळं.

आणि २१ तारीख उजाडली. भक्त मूठभर. पत्रकार दोनशेच्या वर, म्हणजे गावच्या लोकसंख्येएवढे किंवा जास्तच, वर सॅटेलाइट व्हॅन. कॅमेरे मांडून बसलेत पण दाखवायला काही नाही, मग कुणी विचित्र कपड्यात दिसलं की त्याच्याभोवती तीस माइक. स्वतःला वैश्विक ख्रिस्त म्हणवणारा एक गृहस्थ त्या गर्दीत टीव्हीवर इंटरव्ह्यू देऊन फ्रेंच इंटरनेटवर कायमचा फेमस झाला. उरलेल्या वेळात पत्रकारांनी पत्रकारांचे इंटरव्ह्यू घेतले. कुणी मेलं नाही, कुठलं यान निघालं नाही. २३ ला बंदी उठली, नाके निघाले.

आता हिशोब. प्रशासनाच्या बाजूने बघितलं तर केस यशस्वी, काही घडलं नाही. पण 'काही घडलं नाही' हे बंदीमुळे की घडणारच नव्हतं म्हणून, हे सांगायची सोयच नाही, असल्या बंदोबस्ताची ही कायमची अडचण. आणि गूढवाल्यांसाठी तर बंदी म्हणजे वरदानच ठरली, सरकारने डोंगर बंद का केला, म्हणजे आत काहीतरी होतंच! मला विचाराल तर प्रीफेक्ट बरोबर होता, सोलर टेंपलनंतर दुसरा निर्णय घेताच आला नसता. मेयरही बरोबर होता, फक्त त्याने हीच चिंता मीटिंगमध्ये न बोलता आधी प्रीफेक्टच्या ऑफिसात जाऊन दार लावून सांगितली असती तर? पण लहान गावच्या मेयरकडे दबाव आणायला दुसरं असतं काय, पेपरशिवाय? दोनशे मतांच्या गावाचं पत्र वरच्या ऑफिसात कुठल्या फाइलीत जातं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

रेन-ले-शातोची गोष्ट शिळी होत नाही, कारण खजिना कधी सापडणार याला तारीख नाही. ब्युगाराशच्या गोष्टीवर एक्स्पायरी छापलेली होती, २२ तारखेला सकाळी ती संपली. त्यावर म्युझियम कसं काढणार? शिवाय टोप्यांच्या धंद्यात लोकर इथली, हात इथले, धंदा बुडाला तरी शंभर वर्षं मजुरी खाल्लेली. या जगबुडीत गावाचं असं काहीच लागलं नव्हतं, नाव सोडून.

राहिलं ते एवढं की नाव नकाशावर आलं आणि चढायला येणारे येत राहिले. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर नेहमीची वाट लिनासच्या खिंडीतून आहे, ६६७ मीटरवरून सुरू, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटरची उभी चढण. दुसरी गावाच्या बाजूने, 'खिडकी' नावाच्या दगडातल्या आरपार भोकाजवळून जाते, ती जास्त देखणी पण तिथे हात लावून चढावं लागतं, दगड ओला असेल तर त्या नादाला लागू नका. सेर्स सुटला असेल त्या दिवशी तर कुठल्याच वाटेने नको, धारेवर उभं राहू देत नाही. पाणी खालून भरून न्यायचं. आणि वरचा दगड खिशात घालून आणू नका, लोकांनी आधीच खूप नेलेत.